कुंजीबीच्या विहिरीचं पाणी

३ फेब्रुवारी, सोमवार. रोहा

शिर्के साहेबांनी दुपारी केबिनमध्ये बोलावलं. लक्षद्वीपला जायचं. तिथल्या एका बेटावर आपल्या कंपनीने समुद्राचं पाणी गोडं करायचा प्लँट उभा केलाय, तो चालू करून सरकारी खात्याच्या ताब्यात द्यायचा. "म्हात्रे, वीस दिवसांचं काम. उभारणी झालीय सगळी. तुम्ही चालू करा, हँडओव्हरची सही घ्या, या." वीस दिवस म्हणजे महिना-दीड महिना, हे बत्तीस वर्षांत कळलंय.

सोबत इलेक्ट्रिशियन इम्तियाज. बरं झालं. रोह्याचाच, आठ वर्षं कतारला काढून आलाय, कामात चोख.

घरी सुनंदाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही.

"शिमग्याला तरी याल ना?"

येतो म्हटलं.

"मागल्या साली पण असंच बोललेलात."

गुडघा दुखतोय. न जाऊन तो थांबणार आहे थोडाच.

६ फेब्रु., गुरुवार. गाडीत

सकाळच्या गाडीने रोहा ते पनवेल, तिथून कोचीची गाडी. कासूला दादा फलाटावर येऊन उभा. गाडी थांबते मिनिटभर, तेवढ्यात खिडकीतून सुकटीची पिशवी दिली. आमच्या गावाला पाण्याचा टँकर आठ दिवस आला नाही म्हणाला. खाडीकाठचं गाव, तीन बाजूंनी पाणी आणि प्यायला नाही, हे लहानपणापासूनचंच. "घरच्यांना पानी नाय आनि तू निघालास जगाला पाजाय," असं म्हणून हसला. मीही हसलो. गाडी सुटल्यावर हसू आलं नाही.

इम्तियाज वरच्या बर्थवर झोपून आहे. त्याच्या घराचं काम चाललंय, स्लॅब पडायचा आहे, त्याचे फोन दर तासाला.

९ फेब्रु., रविवार

काल दुपारी कोचीहून जहाज सुटलं. रात्रभर उलट्या. खाडीत होडीवर वाढलेला माणूस मी, लाज वाटली. इ. मात्र वडा-सांबार खाऊन आला.

बेटाजवळ जहाज लागतच नाही, उथळ आहे. भर समुद्रात छोट्या होडीत उतरायचं. दोन खलाशांनी मला दोन्ही दंडांना धरून पोत्यासारखं खाली दिलं. आमची अवजारांची पेटी मागच्या होडीतून.

पाणी हिरवं-निळं, तळाची वाळू दिसते. कॅलेंडरवर असतं तसं. माझं लक्ष पेटीकडे.

११ फेब्रु., मंगळवार

बेट या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत पाऊण तास. नारळच नारळ. भाषा मल्याळमसारखी, शब्द कळत नाही. शाळेचे कोया मास्तर तेवढे चांगलं हिंदी बोलतात. पन्नाशीचे, बारीक, पांढरा शर्ट इस्त्रीचा. खात्याने आमची सोय बघायला त्यांनाच सांगितलंय. खोली त्यांच्या बहिणीच्या घरामागे. इथे घर बाईचं असतं, नवरा येऊन-जाऊन. बहीण कुंजीबी, विधवा, साठीच्या आसपास. तीच आम्हाला जेवायला घालते. भात, माशाचं कालवण, खोबरं. मासा चांगला, पण रोजचा तोच. जिताड्याची आठवण येते.

प्लँट घरापासून नारळाच्या दोन वाड्या पलीकडे. शेड, पंप, पाईप, सगळ्यावर गंजाचा थर. तीन आठवड्यांपूर्वी उभारलेला आणि हे हाल. खारा वारा.

फोनला रेंज फक्त जेटीवर. संध्याकाळी तिथे सगळं बेट फोन धरून उभं असतं.

१४ फेब्रु., शुक्रवार

मोठ्या पंपाचं कपलिंग जुळत नाही. दिवसभर पालथं पडून. घाम डोळ्यांत. पाठ धरली. इ. ने पॅनेल उघडलं तर आत मुंग्यांचं वारूळ.

पाईपांच्या सांध्यातली दोन गॅस्केट फुटलेली निघाली, स्पेअर नाहीत. साहेबांना फोन. "पुढच्या जहाजाने पाठवतो." पुढचं जहाज चार दिवसांनी. म्हणजे चार दिवस नुसतं बसायचं. बसून जास्त थकायला होतं.

सु. पेणला बहिणीकडे गेलीय, गणपतीच्या कारखान्यात रंगाच्या कामाला. फोनवर मागून पंख्याचा आवाज. "तुम्ही वेळेवर जेवता ना?" जेवतो. "गोळी?" घेतो. संपलं बोलणं.

१८ फेब्रु., मंगळवार

गॅस्केट आली. एक बरोबर, एक चुकीच्या मापाची. जुन्या टायरच्या ट्यूबमधून कापून बसवली. हे काय कुठल्या कागदावर लिहायचं.

अंगावर घामोळं. कपडे वाळतच नाहीत, मिठाने ताठ होतात. कुंजीबी सकाळी चहा आणून ठेवते. मी "शुक्रिया" म्हणतो. तिला ते कळतं की नाही ठाऊक नाही.

२१ फेब्रु., शुक्रवार

पाणी निघालं.

सकाळी साडेदहा. खारटपणा मोजायचा मीटर लावला, चांगलं गोडं. मी ग्लास भरून प्यायलो, मग इ. प्यायला. जुम्म्याची नमाज होऊन सगळी माणसं थेट शेडवरच आली. बायका घागरी, डबे, बादल्या घेऊन. एका म्हाताऱ्याने ओंजळीने डोक्यावर घेतलं.

कोया मास्तरांनी विचारलं, कसं होतं हे? मी सांगितलं. समुद्राचं पाणी जोराने जाळीतून दाबायचं. त्यातलं गोडं इकडे येतं. उरतं ते दुप्पट खारट, त्याला आम्ही रिजेक्ट म्हणतो. ते पाईपने लांब, खडकांच्या रांगेपलीकडे खोल समुद्रात सोडायचं. मास्तरांनी वहीत लिहून घेतलं, मुलांना शिकवणार म्हणाले.

बऱ्याच वर्षांनी कामाचं बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत पाय सुजले.

२६ फेब्रु., बुधवार

आज सकाळचा चहा फाटलेला. कुंजीबी कप घेऊन तशीच उभी राहिली. मग मला हाताने खूण करून मागे विहिरीवर घेऊन गेली. पोहऱ्याने पाणी काढलं, प्या म्हणून खुणावलं.

जिभेला लागताच कळलं. सांगायला मीटर नको होता, तरी खोलीतून आणून बुडवला. समुद्राच्या पाण्याच्या जवळ जाणारा आकडा.

मास्तरांना बोलावलं. तिचं म्हणणं, विहीर तिच्या आजीच्या वेळची. कधी थोडी मचूळ व्हायची उन्हाळ्यात, पण चहा नासेल अशी कधीच नाही. जानेवारीत तुमच्या आधीची माणसं आली होती, त्यांनी मशीन चार दिवस चालवून पाहिलं, तेव्हा पहिल्यांदा चव बदलली. मग जरा सुधारली. आता या आठवड्यात पुन्हा.

मी म्हटलं, बघतो.

आमच्या गावचा खाडीचा बांध फुटला होता तेव्हा मी नऊ वर्षांचा. तळ्यात खारं शिरलं. आई घागर भरून आणायची, तोंडात घ्यायची, थुंकायची, रोज. रोज वाटायचं तिला, आज बरं असेल.

२७ फेब्रु., गुरुवार

सकाळी रिजेक्टच्या पाईपच्या मागे चालत गेलो. ड्रॉइंगमध्ये तीनशे मीटर आहे, थेट खडकांपलीकडे. प्रत्यक्षात चाळीस पावलं. शेडमागे नारळांत जमिनीखाली जातो आणि तिथेच एका खड्ड्यात संपतो. खड्ड्यावर झावळ्या, वर वाळू. झावळ्या ओढल्या तर खाली पाणी खळखळतंय. सहा दिवस आम्ही दुप्पट खारट पाणी बेटाच्या पोटात सोडतोय. जमीन म्हणजे नुसती वाळू आणि प्रवाळ, चाळणीच. कुंजीबीची विहीर तिथून दिसते.

खोलीवर येऊन फाईल काढली. पाईपिंग चेकलिस्ट. "रिजेक्ट लाईन, ३०० मी., पूर्ण." खाली सही माझी. १८ जानेवारी. रोह्यात टेबलावर बसून, साईटवरून आलेले फोटो बघून केलेली. फोटोत पाईप समुद्राकडे जाताना दिसत होता. कुठे संपतो ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

त्या दिवशी वीसेक चेकलिस्टांवर सह्या केल्या असतील. जेवायची सुट्टी व्हायची होती.

२८ फेब्रु., शुक्रवार

जेटीवर जाऊन साहेबांना फोन. सगळं सांगितलं.

"म्हात्रे, पाईप कंत्राटदाराने कमी टाकला असेल. बघू आपण त्याचं. आधी हँडओव्हर होऊ द्या. चौदा तारखेला कमिटी येतेय. पाईप पुढच्या ट्रिपला."

"तोपर्यंत विहिरी जातील, साहेब."

"विहिरी कशाला लागतायत त्यांना? गोडं पाणी देतोय ना आपण?"

आणि मग, आवाज जरा खाली आणून, "सही तुमची आहे त्याच्यावर, हे लक्षात ठेवा."

लक्षात आहे.

२ मार्च, रविवार

इ. ला सांगितलं. त्याला खड्डा दाखवला. उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला.

म्हणाला, "भाऊ, तुमी दोन वर्सांत रिटायर. मला अजून पंचवीस वर्सं काढायची हायत या लायनीत."

मी म्हटलं, तुला काही करायला सांगत नाही.

"करायला नाय सांगत, पन मी बघितलं आता. बघितलं नसतं तर बरं झालं असतं."

खरं आहे. कशाला दाखवला त्याला.

आज दुसरी विहीर. कुंजीबीच्या शेजारची. मीटर लावून बघितला, चढतोय.

४ मार्च, मंगळवार

पंप अर्ध्या ताकदीवर चालवतोय. पाणी कमी, रिजेक्टही कमी. मनाची समजूत. खड्डा तोच आहे.

कोया मास्तर दुपारी शेडमध्ये आले. चप्पल बाहेर काढून आत आले, जसं कुणाच्या घरी यावं. विचारलं, "मशीन की वजह से है?"

मी म्हणालो, चेक कर रहे हैं.

त्यांनी मान हलवली आणि गेले. वर्गात एखादं मूल खोटं बोलतं तेव्हा ते असेच मान हलवत असतील.

जेवण गेलं नाही. कुंजीबीने ताट तसंच उचललं. आता ती स्वयंपाकाला आमच्या प्लँटचं पाणी आणते, दोन वाड्या चालत, कमरेवर घागर. या वयात.

६ मार्च, गुरुवार

प्लँट बंद केला. सकाळी सात वाजता.

साहेबांना कळवलं, पंपाचं सील गेलं. खोटं. मास्तरांना सांगितलं, पंपाचं सील गेलं. तेही खोटं. दोन्हीकडे एकच खोटं, लक्षात ठेवायला सोपं.

इ. ने पॅनेलचा मेन स्विच खाली केला आणि फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकले. माझ्याकडे बघितलंही नाही.

८ मार्च, शनिवार

बायका रिकाम्या घागरी घेऊन येतात, बघतात, जातात. काल एक बाई बरंच काही बोलली. कळलं नाही, पण कळलं. पंधरा दिवस गोडं पाणी प्यायल्यावर पुन्हा विहिरीचं मचूळ कुणाला चालेल?

लांबच्या वाडीतल्यांच्या विहिरी शाबूत आहेत. त्यांना प्लँट हवा. मास्तर म्हणाले, माझा चुलतभाऊच म्हणतोय, कुंजीबीला रोज चार घागरी आम्ही आणून देऊ, पण मशीन चालू ठेवा. म्हणजे विहिरीचं कारण लोकांनी ताडलंय. मी एकटाच सील सील करत बसलोय.

साहेबांचे तीन फोन, असं जेटीवर गेल्यावर दिसलं. केला नाही.

सु. ला केला. तिला म्हटलं, शिमग्याला जमत नाही.

"मला माहीत होतं." मग म्हणाली, "आवाज का असा येतोय?"

रेंज नाही गो नीट, म्हटलं.

११ मार्च, मंगळवार

सांगून टाकलं.

दुपारी मास्तर शाळेतून आले, त्यांना म्हटलं बसा. कुंजीबीलाही बोलवा. ती ओट्यावर, खांबाला टेकून. मी खाली पायरीवर. आधी खड्ड्याचं सांगितलं. मग पाईप किती हवा, किती आहे. मग फाईल उघडून माझी सही दाखवली. मास्तर तिला सांगत होते, मधेच थांबत होते. सहीपाशी त्यांनी माझ्याकडे बघितलं, सांगू का म्हणून. मी म्हटलं, सांगा.

मला वाटत होतं ओरडेल. ओरडली असती तर बरं.

मग तिने विचारलं, विहीर परत कधी गोडी होईल?

मी सांगितलं, आमच्या गावच्या तळ्याला तीन पावसाळे लागले होते. इथे जमीन वाळूची, पाऊस धुऊन नेईल, कदाचित लवकर. पण खड्ड्यात पुन्हा एक थेंब जायला नको.

तिने बोटांवर मोजलं. मास्तरांना काही म्हणाली. ते सांगायला तयार नव्हते. मी आग्रह केला.

"ती म्हणते, तीन पावसाळे मी असेन. हे सगळं तुम्ही लिहून द्या."

रात्रीचं जेवण तिनेच वाढलं. रोजच्यासारखंच. मासा जास्त घातला नाही, कमीही नाही.

१४ मार्च, शुक्रवार

कमिटी आली. खात्याचे इंजिनिअर आणि दोघं. इंजिनिअर माझ्याच वयाचे, बोटीतून उतरून आधी सावलीत बसले, शहाळं प्यायले. जेटीवर साहेबांचा फोन सकाळीच आलेला. "सील झालं ना? दोन तास चालवून दाखवा, सह्या घ्या, निघा." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

कमिटी शेडमध्ये आली तेव्हा मी प्लँट चालू न करता त्यांना मागे घेऊन गेलो. झावळ्या बाजूला केल्या. इंजिनिअरांनी चष्मा काढून पुसला.

"तुम्ही कंपनीचीच माणसं ना?"

हो.

"मग?"

म्हटलं, हँडओव्हरवर मी सही करत नाही. लाईन पूर्ण होईपर्यंत चालवू नये.

"हे तोंडी चालणार नाही. लिहून द्या."

साईट रजिस्टरमध्ये लिहिलं. तारीख, पाईपची लांबी, खड्डा, दोन विहिरींचे आकडे. शेवटी, आधीच्या चेकलिस्टवरची सही माझी असून ती साईट न पाहता केली होती. त्याची एक प्रत मास्तरांना, एक इंजिनिअरांना. इ. साक्षीदार म्हणून सही करणार का, असं मी विचारलं नाही. त्याने विचारलं नाही. तो पॅनेलपाशी उभा होता, टेस्टर हातात घेऊन.

इंजिनिअर जाताना म्हणाले, तुम्ही माझंही काम वाढवलंत. रागाने नाही. दमून.

१६ मार्च, रविवार

आज गावी होळी लागली असेल. दादाने पालखी खांद्यावर घेतली असेल, त्याचाही खांदा दुखतो हल्ली.

इथे काही नाही. जहाज मंगळवारी. दिवसभर अवजारं पुसून तेल लावून ठेवली. वाटेत दिसणारी माणसं कुणी सलाम करतात, कुणी मान वळवतात. जे मान वळवतात त्यांच्या विहिरी चांगल्या आहेत. त्यांना आज मशीनचं पाणी नाही ते माझ्यामुळे. त्यांचंही बरोबर.

१८ मार्च, मंगळवार. जहाजावर

निघताना कुंजीबी जेटीवर आली नाही. घरीच दारात उभी होती. हातात माशाच्या वड्या बांधून दिल्या, सुकवलेल्या, लाकडासारख्या टणक. मास्तर होडीपर्यंत आले. हात हातात घेऊन म्हणाले, रजिस्टरची प्रत शाळेच्या कपाटात ठेवलीय, कुलूप आहे.

इ. डेकवर वेगळा बसला. मध्येच येऊन एक लिंबू देऊन गेला, उलटीवर चाटायला.

२४ मार्च, सोमवार. रोहा

साहेबांच्या केबिनमध्ये दीड तास. उभाच. बसा म्हणाले नाहीत. आवाज चढवला नाही. एक कागद पुढे केला. मजकूर टाईप करून तयार. "प्रकृती ठीक नसल्याने साईटवर गैरसमजातून नोंद केली, ती मागे घेतो." यावर सही केली की सगळं मिटेल म्हणाले.

"म्हात्रे, दोन वर्षं राहिलीत तुमची. शांततेत काढा की."

विचार करून सांगतो म्हटलं. विचार कसला. खरंच करतोय मात्र.

मला स्टोअरला टाकलंय. नट-बोल्टचे खण लावायचे. तिथे बसायला खुर्ची आहे, गुडघ्याला बरं.

२५ मार्च, मंगळवार

सु. पेणहून आली. नखांत अजून गुलाबी रंग. तिला कागद वाचून दाखवला. आधी तिला सगळं सांगावं लागलं, मग कागद.

ती म्हणाली, "तब्येत ठीक नव्हती का तुमची?"

"होती."

"मग?"

थोड्या वेळाने, भाजी चिरता चिरता, "सही केलीत तर मी काय बोलणार नाय. दोन वर्सं म्हंजे कमी नाय. नाय केलीत तरी काय बोलणार नाय. पन मला विचारू नका परत."

ती चिडलीय की नाही, तीस वर्षांनी पण सांगता येत नाही.

२ एप्रिल, बुधवार

कागद खिशात घेऊन फिरतोय. घडीवर फाटायला आला. साहेब रोज विचारत नाहीत, हे जास्त वाईट. कँटीनमध्ये माझ्या टेबलावर आता दोघंच बसतात.

मास्तरांचा फोन. प्लँट बंदच आहे. पहिल्या विहिरीचा आकडा जरा उतरलाय, मी मीटर त्यांच्याकडे ठेवून आलोय. हे साहेबांना सांगितलं नाही, मीटर कंपनीचा.

९ एप्रिल, बुधवार

संध्याकाळी इम्तियाज घरी आला. बेटावरून आल्यापासून पहिल्यांदा. सु. ने चहा दिला. तो कप धरून बसला.

"भाऊ, साहेब मला पाठवतायत. परत बेटावर. लाईन पुरी करून चालू करायची."

पाईप?

"जहाजात चढवलाय म्हनतात."

तू डोळ्यांनी बघितलास?

"नाय. चलानावर हाय."

सु. आतून बाहेर आली आणि पुन्हा आत गेली.

मी म्हटलं, जाऊ नकोस म्हणणार नाही. नाही म्हणालास तर दुसरा जाईल, त्याला खड्डा माहीत नसेल. पाईप मोज. टेपने मोज. मग चालू कर.

"आनि कमी निघाला तर?"

याचं उत्तर द्यायचा मला अधिकार आहे का, तेच कळेना. मी माझ्या खिशातला कागद अजून फाडलेला नाही.

जाताना दारात थांबून म्हणाला, "त्या दिवशी रजिस्टरवर मी सही करायला पायजे होती."

मी म्हटलं, मी विचारलंच नव्हतं.

"म्हनूनच."

१५ एप्रिल, मंगळवार

दुपारी स्टोअरमध्ये असताना इ. चा फोन. जेटीवरून. वारा इतका की अर्धं ऐकू येत नव्हतं. पाईप उतरवून घेतला, वाळूत ओळीने मांडला, मास्तरांना सोबत घेऊन टेप लावला.

"दीडशे मीटर हाय, भाऊ. निम्मा."

दीडशे म्हणजे खडकांच्या अलीकडेच. खाजणात. तिथे पाणी उथळ, साचून राहतं. विहिरींपासून लांब, पण समुद्रात नाही. खड्ड्यापेक्षा बरं. बरोबर नाही.

"उद्या कमिटी येतेय. काय करू?"

मी विचारलं, मास्तर काय म्हणतात?

"वहीत लिहून घेतायत. कुंजीबी पन हाय इथं. पाईपाजवळ बसलीय."

मी सांगायला तोंड उघडलं. काय सांगणार होतो ते आता नक्की आठवत नाही, पण काहीतरी सांगणार होतो.

"भाऊ, थांबा," तो म्हणाला, "साहेबांचा दुसरीकडनं फोन येतोय. घेतो आनि परत करतो."

सुट्टी झाली तरी स्टोअरमध्येच बसून राहिलो, तिथे रेंज चांगली आहे म्हणून. साडेसहाला वॉचमन कुलूप लावायला आला. आता घरी ओट्यावर बसलोय, फोन समोर. सु. ने विचारलं, जेवायचं वाढू का. म्हटलं, थांब गो जरा.